इसिडोरच्या मनातलं पान

मनोरीच्या इसिडोर सुताराला अर्धांगाचा झटका आला तेव्हा चर्चची नवी वेदी अर्धीमुर्धी उभी होती. दोन्ही सागवानी खांब तासून गुळगुळीत झाले होते, वरची कमान बसली होती. पण खांबांच्या माथ्यावर आणि कमानीच्या पट्ट्यावर जे पान कोरायचं होतं ते इसिडोरने अजून लाकडावर उतरवलं नव्हतं. ते पान कुठलं, हे त्याने कुणाला सांगितलंही नव्हतं.

जुन्या वेदीवर पानं होती, एवढं सगळ्या गावाला माहीत होतं. पण ती वेदी पणजोबांच्या काळची. दर सणाला कुणीतरी भाविकपणे तिच्यावर तेलरंगाचा एक हात मारायचं. रंगावर रंग चढत गेले आणि पानांचे भिजल्या पिठाच्या गोळ्यांसारखे गोळे झाले. कुणी म्हणायचं द्राक्षाची पानं आहेत, कुणी म्हणायचं अंजिराची. ल्युसीबाय, जी गावात सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत ठाम, ती म्हणायची, पानं नव्हेतच, देवदूतांचे पंख आहेत.

मग वाळवी लागली. वेदी उतरवून जाळून टाकली तेव्हा इसिडोरने तिचा एक तुकडा घरी आणला आणि पडवीत बसून संध्याकाळच्या उजेडात रोज थोडा थोडा रंग खरवडला. खालचं पान दिसू लागलं तसा तो एकटाच हसला. सून क्लॅरिस तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "काय दिसलं, बाबा?"

"बसवीन तवा बघशील," तो म्हणाला.

त्या तुकड्याला आतून वाळवीने पोखरलं होतं. रंगाच्या थरांनीच तो धरून ठेवला होता. रंग गेला आणि थोड्याच दिवसांत लाकडाचा भुगा झाला. क्लॅरिसने तो केराबरोबर भरून टाकला. आता ते पान एका इसिडोरच्या डोक्यात उरलं होतं, आणि उपवासकाळाआधीचा कार्नेवाल उलटून गेल्यावर एका सकाळी इसिडोर रंधा हातात धरूनच कोसळला.

इस्पितळातून तो परत आला तो होडीत आडवा होऊन. उजवं अंग लुळं पडलं होतं. वाचा गेली होती. डावा हात तेवढा हलायचा, आणि घशातून एक घोगरा आवाज निघायचा, ज्याचा अर्थ हो की नाही, भूक की तहान, हे घरच्यांना ताडावं लागायचं.

फ्रेडी हा त्याचा एकुलता एक मुलगा. पटाशी धरायला तो बापाकडेच शिकला होता आणि हात चांगला होता. पण लग्न झाल्यावर त्याने अंधेरीच्या एका फिल्म स्टुडिओत नोकरी धरली. तिथे तो प्लायवुडचे महाल बांधायचा, प्लास्टरचे खांब उभे करायचा आणि शूटिंग संपलं की मोडायचा. आठवडाभर अंधेरीलाच एका खोलीत राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी मार्व्याहून होडीने घरी यायचा. एकदा त्याने मोठ्या हौसेने प्लास्टरचं एक फूल बापाला दाखवायला आणलं होतं. इसिडोरने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "वाळत घातलेल्या बोंबलालाबी या फुलापेक्षा जास्त आयुष्य हाय."

बोलणाऱ्याने बोलून टाकलं, पण फ्रेडीच्या ते जिव्हारी लागलं. तेव्हापासून बापलेक कौलांबद्दल बोलत, होडीबद्दल बोलत, मासळीच्या भावाबद्दल बोलत. लाकडाबद्दल बोलत नसत.

इसिडोर घरी आल्यानंतरच्या रविवारी फादर बॅप्टिस्ट त्याला बघायला आले. त्याच्या उशाशी बसून त्यांनी प्रार्थना केली आणि निघताना फ्रेडीला अंगणात बोलावलं.

"घाई नाही असं सांगायला मला आवडलं असतं," ते म्हणाले. "पण पावसाळ्यानंतर सणाला बिशप येणार आहेत. वेदीला आशीर्वाद त्यांच्या हातून व्हायचा आहे. कमिटीतले काही लोक म्हणतात, मुंबईहून सिमेंटची तयार वेदी आणू या. मी त्यांना थांबवून ठेवलंय. तू कोरशील का?"

"कोरीन," फ्रेडी म्हणाला. कोरीन खरं, पण काय कोरीन?

सोमवारी स्टुडिओत त्याने ही गोष्ट दत्तारामला सांगितली. दत्ताराम मालवणकडचा, साचे करण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. त्या दिवसांत स्टुडिओत रोमन राजवाड्याचा सेट चालला होता, आणि खांबांच्या माथ्यावर लावायची पानं दत्तारामच्या साच्यांतून वड्यांसारखी निघत होती. पान मोठं डौलदार होतं. बुडाशी रुंद, कडा कातरलेल्या, आणि शेंडा पुढे वाकून जीभ काढल्यासारखा. कला-दिग्दर्शक शरच्चंद्र साहेबांनी ते परदेशी पुस्तकातून उतरवून घेतलं होतं आणि ते त्याला अकँथस म्हणत.

"देवळांच्या खांबांवर जगभर ह्यांच पान आसता, असा सायब सांगी होते," दत्ताराम म्हणाला. "ने एक. बापाशीक दाखव."

फ्रेडीने आठवडाभर काम सुटल्यावर बसून सागाच्या ठोकळ्यावर ते पान कोरलं. प्लास्टरचं नव्हे, खरं लाकूड. शनिवारी घरी पोचताच तो ठोकळा घेऊन बापाच्या खाटेशी गेला.

खाट पुढच्या खोलीत भिंतीला लागून होती. एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला खिडकी. फ्रेडी दाराच्या अंगाला उभा राहिला आणि त्याने ठोकळा बापाच्या तोंडासमोर धरला.

इसिडोरने बराच वेळ पाहिलं. डावा हात उचलून पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हाताऱ्याने मान दुसरीकडे वळवली आणि हाताने झटकल्यासारखी खूण केली. घशातून तो घोगरा आवाज आला. फ्रेडीने ठोकळा खाली घेतला. त्याचे कान तापले होते.

पुढच्या खेपेला त्याने द्राक्षाचा वेल कोरला. त्यासाठी वांद्र्याच्या एका चर्चमध्ये जाऊन तिथला वेल कागदावर उतरवून आणला होता. इसिडोरने जेमतेम पाहिलं आणि तीच मान, तोच हात. त्यानंतर अंजिराचं पान. मग कान्हेरीच्या लेण्यांत पाहिलेलं कमळ, पाकळ्यांमागे पानांची झालर असलेलं. कमळ पाहून क्लॅरिसलाही हसू आलं, पण फ्रेडीचा चेहरा बघून तिने ते गिळलं. इसिडोरने तोंड फिरवलं ते फिरवलंच.

"पान चुकत असेल," क्लॅरिस त्याला चुलीपाशी बसवून म्हणाली. "माणूस नाय चुकत."

"पानाचं काय घेऊन बसलीस. त्यांना मी समोर नको असतो. वाचा होती तवा बोंबील म्हणाले, आता वाचा नाय तर हाताने हाकलतात."

"ते तुझी वाट बघत असतात रे. शनिवार आला की दाराकडं कान असतो त्यांचा."

"वाट बघतात आणि आल्यावर तोंड फिरवतात," फ्रेडी म्हणाला आणि ताटावरून उठला.

त्याने ठरवलं, फादरना सांगून टाकायचं. आणा सिमेंटची वेदी, माझ्याने होत नाही. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर तो सांगायला थांबलासुद्धा, पण फादर एका लग्नाच्या गडबडीत होते. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणून तो निघाला. त्या आठवड्यात स्टुडिओत त्याच्या हातून दोनदा करवत वाकडी गेली. दत्तारामने ती त्याच्या हातून काढून घेतली. "मेल्या, बोटां ऱ्हवतली नाय," एवढंच तो म्हणाला.

मे महिना अर्धा सरला होता. पावसाआधी कौलं चाळून घ्यायला हवीत म्हणून क्लॅरिसने दोन गडी बोलावले. पुढच्या खोलीवरची कौलं उतरली, तशी इसिडोरची खाट पडवीत हलवावी लागली. पडवीत एका अंगाला घराची भिंत आणि दुसऱ्या अंगाला मोकळं. उशाशी क्लॅरिसने एक तिवई मांडली आणि पाण्याचा तांब्या कलंडू नये म्हणून त्याला टेकू द्यायला फ्रेडीचा तो पहिला ठोकळा ठेवला, रोमन पानाचा. तिच्या लेखी तो आता लाकडाचा एक तुकडाच होता.

शनिवारी फ्रेडी आला तो हात हलवत. या खेपेला त्याने काही कोरलंच नव्हतं. पडवीच्या मोकळ्या अंगाला, पायरीजवळ स्टूल ओढून तो बसला. ऊन उतरलं होतं. फ्रेडी उद्या फादरना काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होता.

इसिडोरने डावा हात उचलला, तिवईकडे नेला आणि तांब्याशेजारच्या पानावर दोनदा बोट आपटलं. मग मान वळवली, फ्रेडीकडे. आणि हात पुढे केला, फ्रेडीच्याच दिशेने.

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा म्हाताऱ्याने तोंड त्याच्याकडे केलं होतं. म्हणजे पान आवडलंय? की माफ केलंय? त्याने स्टूल पुढे सरकवलं आणि बापाचा हात दोन्ही हातांत घेतला.

इसिडोरने हात हिसकून सोडवून घेतला. वैतागल्यासारखा घोगरा आवाज काढला आणि पुन्हा तीच खूण केली. झटकल्यासारखी.

क्लॅरिस पायरीवर मासळी साफ करत बसली होती. तिचे हात थांबले. ती जरा वेळ सासऱ्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"फ्रेडी," ती म्हणाली, "तू जरा बाजूला हो."

"का?"

"हो तर खरं."

फ्रेडी उठून भिंतीकडे गेला. इसिडोरचे डोळे त्याच्यामागे गेले नाहीत. ते होते तिथेच राहिले, रिकाम्या स्टुलावरून पार पलीकडे लागलेले.

"बघितलंस? ते तुला बघत नाय, तुझ्या मागं बघतायत," क्लॅरिस म्हणाली. "आत होते तवा खिडकीकडं तोंड करायचे. खिडकीतनं काय दिसतं?"

"खाडी."

"आणि हितनं?"

फ्रेडीने वळून पाहिलं. अंगणाच्या खाली, कुंपणापलीकडे खाडीचं पाणी ओहोटीने मागे गेलं होतं. काळ्या चिखलावर तिवरांची रांग, आणि तिच्या पुढ्यात, काठाला लागून, कमरेइतक्या उंचीची मारांडीची दाट जाळी पसरली होती. निळसर फुलांचे तुरे वर आले होते. लहानपणापासून खेकडे धरताना त्या जाळीने त्याच्या पोटऱ्या ओरबाडल्या होत्या. त्या झुडपाला शिव्या घालण्यापलीकडे त्याने त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

तो पायऱ्या उतरला, कुंपण ओलांडलं आणि चपला काठावर सोडून चिखलात गेला. गुडघ्यापर्यंत पाय रुतले. त्याने एक फांदी वाकवली. पान जाड, तकतकीत, हिरवंगार. कडा खोल कातरलेल्या आणि प्रत्येक टोकाला काटा. मधली शीर ताठ, आणि पान असं मुरडलेलं की कुणी वाऱ्याविरुद्ध अंग चोरून उभं राहावं. स्टुडिओतलं रोमन पान त्याला चांगलं पाठ होतं. हे त्याचंच भावंड होतं, पण दर्यावर वाढलेलं, लुकडं आणि चिवट. म्हणूनच बाबांनी पहिल्या ठोकळ्यावर एवढा वेळ बोट फिरवलं होतं. जवळ आलास, पण हे नव्हे, ते बघ, ते खालचं, असं ते सांगत होते.

काटे लागत होते तरी त्याने दोन फांद्या हातानेच मोडल्या आणि तसाच चिखलाच्या पायांनी पडवीत आला.

इसिडोरने फांदी पाहिली आणि त्याच्या घशातून असा आवाज आला जो आजवर घरात कुणी ऐकला नव्हता. अर्धं तोंड हललं, अर्धं हललं नाही. डाव्या हाताने त्याने एक पान खुडलं, ते ठोकळ्यावरच्या लाकडी पानाशेजारी ठेवलं आणि वरून तळहात दाबून धरला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

फ्रेडी मटकन खाली बसला. छातीवर इतके दिवस ठेवलेला धोंडा कुणी उचलून नेल्यासारखं त्याला हलकं वाटत होतं.

"म्हणजे तुम्ही मला हाकलत नव्हता?" त्याने विचारलं.

इसिडोरने त्याच्याकडे पाहिलं. या वेळी खरोखर त्याच्याकडेच. लहानपणी रंधा उलटा धरला की तो ज्या नजरेने बघायचा तीच ही नजर. क्लॅरिसला हसू आवरेना. मग फ्रेडीही हसायला लागला. छपरावरचे गडी वाकून खाली बघू लागले, या घरात झालं काय म्हणून.

दुसऱ्या दिवशी फ्रेडी फादर बॅप्टिस्टना भेटला आणि एवढंच म्हणाला, "सापडलं." फादरनी फार चौकशी केली नाही. कमिटीला त्यांनी त्याच दुपारी सांगून टाकलं की सिमेंटचा विचार सोडा.

एक फांदी फ्रेडीने अंधेरीला नेली. शरच्चंद्र साहेबांनी ती हातात घेतली, काटा टोचला तेव्हा बोट चोखलं आणि आपलं जाडजूड पुस्तक उघडून बसले. दुपारी ते स्वतः सुतारांच्या शेडमध्ये आले. "फ्रेडी, हे अकँथसच आहे," ते म्हणाले. "त्याच गोत्रातलं. आम्ही पुस्तकातून उतरवत बसलो आणि हे मार्व्याच्या पलीकडे उगवतंय." त्यांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला होता. पावसात शूटिंग तसंही थंडावलेलं असतं, तेव्हा रजा घे, असं त्यांनीच सांगितलं.

जुनी वेदी कोरणारा आपल्याच गावचा एखादा सुतार असणार, असं फ्रेडीला वाटायचं. कुणा पाद्र्याने त्याला परदेशी पान कागदावर काढून दिलं असेल, आणि त्याने कागद बाजूला ठेवून खाडीकडे पाहिलं असेल. पण याची खात्री देणारं आता कुणी नव्हतं.

पावसाळाभर पडवीत काम चाललं. फ्रेडी कोरायचा आणि इसिडोर खाटेवर उशीला टेकून बघायचा. क्लॅरिस रोज खाडीवरून ताजी फांदी तोडून आणायची, कारण सुकलं की पान वळतं आणि खोटं दिसतं. बोलणं असं नव्हतंच. इसिडोर नखाने शिरेवर रेघ ओढायचा, म्हणजे अजून खोल. तळहात पालथा करायचा, म्हणजे पुरे. एकदा घाईघाईत फ्रेडीने काटे बोथट ठेवले. बारीक काटे कोरायला पटाशी कलती धरावी लागते आणि मनगट भरून येतं. त्याला वाटलं, एवढ्या उंचावर कोण बघतंय. म्हाताऱ्यापुढे पान धरलं, तर म्हाताऱ्याने मान फिरवली. भिंतीकडे. खाडीकडे नव्हे.

"आता मात्र मलाच नको म्हणालात," फ्रेडी म्हणाला.

इसिडोरने होकाराची मान हलवली. फ्रेडीने तो तुकडा चुलीत टाकला आणि नवा घेतला. शीळ वाजवतच घेतला.

सणाच्या आधी खांबांचे माथे चढले, कमानीचा पट्टा बसला. लाकडाला नुसतं तेल दिलं होतं. रंगाचा डबा घेऊन आलेल्या दोन भाविकांना फादरनी दारातूनच परत पाठवलं. सणाच्या दिवशी इसिडोरला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणलं आणि पहिल्या रांगेच्या कडेला ठेवलं. लोक वर बघून कुजबुजत होते. ल्युसीबायने चष्मा पुसला, लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही तर मारांडी. खाजणातलं काटेरी झुडूप देवाच्या वेदीवर?"

इतका वेळ सगळं सुरळीत चाललं होतं.

फादर बॅप्टिस्ट वेदीच्या पायरीवर होते. ते वळून म्हणाले, "क्रूसावर नेताना प्रभूच्या माथ्यावर आपण काटेच ठेवले होते, ल्युसीबाय."

ल्युसीबायने विचार केला. मग क्रूसाची खूण केली आणि शेजारणीला म्हणाली, "मी आधीपासून सांगत होते, कायतरी टोकदार हाय म्हणून." शेजारणीने तिला पंखांची आठवण करून दिली नाही.

बिशपचं प्रवचन लांबलं. इसिडोर पहिल्या काही वाक्यांनंतर झोपी गेला आणि आशीर्वादाच्या घंटेला जागा झाला. वेदीकडे पाहिलं, सगळं जागेवर आहे याची खात्री केली आणि पुन्हा डोळे मिटले. फ्रेडी त्याच्या खुर्चीमागे उभा होता. आपण आपल्या बापाला इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं. आणि आपणही कधी इतके निवांत नव्हतो, हेही.

दुपारी घरी पाहुण्यांची पंगत बसली. दत्ताराम अंधेरीहून आला होता, पिठाचे तळलेले फुगे तोंडात कोंबत सगळ्यांची विचारपूस करत होता. क्लॅरिसने पहाटेपासून खपून डुकराचं विंदालू केलं होतं. ती सासऱ्याच्या शेजारी बसून त्याला भरवत होती. दुसरा घास तोंडात गेला आणि इसिडोर चावायचा थांबला. डावा हात ताटावर ठेवला. ओठ हलले, घसा घरघरला, आणि जड जिभेने, पण अगदी स्पष्ट, तो म्हणाला, "मीठ."

फ्रेडीचा घास हातातच राहिला.

"काय म्हणालात, बाबा?" क्लॅरिसने विचारलं.

"मीठ," इसिडोर चिडून म्हणाला. "नाय."

क्लॅरिसच्या हातचं खाऊन कुणी नावं ठेवली की एरवी ती दोन दिवस धुमसायची. आज ती पदराने डोळे पुसत उठली आणि मिठाची बरणी आणायला धावत आत गेली.